गिबनची ‘जन्मभराची जोडी’ आणि त्याबद्दल फिरणारा मजकूर

एका फांदीवर काळा नर, शेजारी सोनेरी-तपकिरी मादी. फोटो ईशान्य भारतात आढळणाऱ्या हुलॉक गिबनचा आहे आणि खरोखर देखणा आहे. त्याखालचा मजकूर साधारण असा असतो: ‘हे माकड आयुष्यात एकदाच जोडीदार निवडतं. रोज सकाळी दोघं प्रेमगीत गातात. एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो. ते कधी जमिनीला पाय लावत नाही. प्राणिसंग्रहालयात जोडीनं ठेवलं की सुखानं खूप वर्षं जगतं.’ वाचून गलबलून येतं, हे मला कळतं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात गफलत आहे आणि ती गिबनांना महागात पडते, म्हणून एकेक वाक्य घेते.

‘माकड’ हे चटकन उरकू. गिबनला शेपूट नसते. तो कपी आहे, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि आपल्या भावकीतला. गिबनच्या सुमारे 20 जाती आहेत, त्यांचा मुलूख ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंत, आणि भारताच्या जंगलात राहणारा कपी हा एकटाच.

‘एकदाच जोडीदार’ या समजुतीचा उगम जुना आहे. प्राणिसंशोधक क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी 1937 मधल्या एका मोहिमेत थायलंडच्या जंगलात गिबनांचं निरीक्षण केलं. एक नर, एक मादी आणि त्यांची पिल्लं, असं कुटुंब त्यांना दिसलं आणि तेच चित्र पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. पण एक कुटुंब काही महिने पाहणं वेगळं आणि त्याच कुटुंबातला एकेक जीव ओळखून वर्षानुवर्षं मागे फिरणं वेगळं. ते काम थायलंडच्या खाओ याई अरण्यात झालं, तेव्हा मादी शेजारच्या नराकडेही जाते हे दिसलं. संशोधक उलरिख रायखार्ड यांनी 1995 मध्ये मांडलेल्या नोंदींत एकूण समागमांपैकी सुमारे 12 टक्के असे होते. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर केतांबे इथे संशोधक रायन पॅलोंबिट यांना जोडीदार जिवंत असताना त्याला सोडून गेलेले गिबन आढळले. खाओ याईत काही कुटुंबांत एका मादीसोबत दोन नर राहतात. चीनच्या हैनान बेटावरच्या गिबनांत एका नरासोबत दोन माद्या राहतात, आणि दोघी पिल्लं वाढवतात.

याला कुणी ‘बेइमानी’ म्हणू नये. आपल्या लग्नाचं माप आपण त्यांना लावलं, चूक तिथे आहे. जोडी खरीच असते: तासन्‌तास एकमेकांचे केस विंचरणं, एकाच हद्दीची राखण, दोन-तीन वर्षांतून एकदा होणाऱ्या एकुलत्या पिल्लाला वाढवणं. गिबनांच्याच सियामांग जातीत पिल्लू वर्षाचं झालं की बरेचदा बापच त्याला अंगावर वागवतो. एवढं असताना वर खोटी शपथ कशाला चिकटवायची?

गाण्याबद्दल तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण प्रेमगीत म्हणून आपण ते फार लहान करून टाकतो. मादीची तान चढत, वेग घेत टिपेला जाते आणि ती संपता संपता नर उत्तर देतो. सियामांगच्या गळ्याखालची पिशवी फुगते आणि आवाज दऱ्या ओलांडून जातो. हे गाणं शेजाऱ्यांना हद्द सांगतं. जोडी नसलेला नरही एकटा गातो. खाओ याईत संशोधकांनी बिबट्यासारख्या शिकाऱ्यांच्या प्रतिकृती ठेवून पाहिलं: गिबन तेव्हाही गायले, पण सुरांची मांडणी बदलून, आणि दूर असलेल्या घरच्यांना तो फरक कळला. शिवाय गाण्याचा साचा जन्मतःच मिळतो. दोन जातींच्या संकरातून झालेलं पिल्लू दोघांच्या मधलं काहीतरी गातं.

मग ‘दुसरा झुरून मरतो’? जोडीदार गेल्याचं दुःख त्यांना होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण जंगलात मागे राहिलेला नर किंवा मादी पुन्हा जोडी जमवते, हे नोंदलेलं आहे. आई गेल्यावर खरोखर मरतं ते तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू. पाळण्यासाठी पिल्लू हवं म्हणून शिकारी आईला गोळी घालतात, ती उंचावरून कोसळते, आणि पिल्लू वाचलं तर विकलं जातं. थायलंडच्या फुकेत बेटावरचे गिबन असेच संपले. तिथे पर्यटकांसोबत फोटो काढायला ठेवलेल्या पिल्लांना सोडवून जंगलात परतवण्याचं काम 1992 पासून चालू आहे. गोंडस गिबनचा फोटो पुढे पाठवणाऱ्यानं त्याच्या आईचं काय झालं असेल हे विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘जमिनीला पाय लावत नाही’ हे वाक्य शेंडे एकमेकांना भिडलेल्या जंगलात बरंचसं खरं आहे. ते जंगल तुटलं की गिबनला खाली यावं लागतं, आणि खाली कुत्री असतात. उडीही बिनधोक नसते. कार्पेंटर यांच्या 1937 च्या त्याच मोहिमेत जमवलेल्या गिबनांच्या सांगाड्यांत शरीररचनेचे अभ्यासक अडॉल्फ शुल्ट्झ यांना सुमारे तिसऱ्या हिश्शात मोडून जुळलेली हाडं सापडली. आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यातून रेल्वेमार्ग जातो आणि पलीकडचे हुलॉक बाकीच्यांपासून वेगळे पडतात. हैनानमध्ये 2014 च्या वादळात दरड कोसळून गिबनांची वाट तुटली, तेव्हा दरीवर दोर बांधले. 176 दिवस एकानंही दोराला हात लावला नाही. मग एकेक जण जाऊ लागला.

राहिलं प्राणिसंग्रहालय. तिथे गिबन चाळिशी ओलांडतात, हे खरं. पण ‘जोडी ठेवली की झालं’ हे खोटं. त्यांना उंची लागते, हातांवर झोके घेत लांबवर जायला मोकळी जागा लागते, आणि पिल्लं वयात आली की आईबापच त्यांना हुसकावतात, तेव्हा त्यांना दुसरं घर लागतं. जपानमधल्या कुजुकुशिमा प्राणिसंग्रहालयात मोमो नावाची मादी एकटीच पिंजऱ्यात होती. 2021 मध्ये तिला पिल्लू झालं. ती कुणाला जवळ येऊ देईना, त्यामुळे बाप कोण हे डीएनए तपासून कळायला 2 वर्षं गेली. दोन पिंजऱ्यांमधल्या फळीला जेमतेम 9 मिलिमीटरची भोकं होती आणि पलीकडे दुसऱ्याच जातीचा नर. संग्रहालयानं मग तिथे भोकं नसलेली फळी बसवली आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायला सुरुवात केली.