जुन्या कंपनीच्या सहीवाचून पीएफ अडत नाही

लोटे-परशुराम, महाडच्या कारखान्यांतून काम सुटलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘जुन्या कंपनीने सही-शिक्का दिला नाही तर पीएफ निघत नाही. नोटीस न देता काम सोडलं तर कंपनी पैसे रोखू शकते. तीन वर्षांत काढले नाहीत तर सरकारजमा.’ खाली एजंटचा नंबर. हे वाचून माणसं घामाच्या पैशावर पाणी सोडतात, याचा मला संताप येतो.

सहीची गोष्ट एके काळी खरी होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आधारवर आधारलेला एकत्रित दावा अर्ज आला. तेव्हापासून यूएएनला, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायमच्या क्रमांकाला, आधार आणि बँक खातं जोडलेलं असेल तर मालकाची सही लागत नाही. बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागायची, तीही एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाली.

खरी अडचण वेगळी असते. ठेकेदार काम सोडल्याची तारीखच भरत नाही, आणि ती नसली की पूर्ण रकमेचा दावा पुढे सरकत नाही. २०२० पासून ही तारीख कामगाराला स्वतः भरता येते. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पीएफ कार्यालयाच्या सदस्य पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडायचं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. तारीख शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच द्यायची. ती घाईत भरू नका, नंतर बदलून घेणं फार जिकिरीचं आहे. आणि मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात नवा नोंदवा. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेल्यांचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं.

पूर्ण रकमेसाठी आधी दोन महिने बेकारी पुरे होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती मुदत १२ महिने करायचं आणि ७५ टक्के रक्कम लगेच देऊ करायचं ठरवलं. अर्ज करताना कोणता नियम लागू आहे ते पोर्टलवर पाहून घ्या.

नोटीस दिली नाही म्हणून कंपनी फार तर शेवटच्या पगाराचा हिशेब मांडेल. पीएफची शिल्लक कुठल्याही देण्यापोटी जप्त होऊ नये, असं संरक्षण १९५२ च्या पीएफ कायद्यानेच दिलं. ‘राजीनामा मंजूर नाही’ ही धमकी इथे चालत नाही.

तीन वर्षांत सरकारजमा ही गोष्ट तर निव्वळ भीती घालणारी आहे. नोकरी सुटली तरी वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत शिल्लकेवर व्याज चढत राहतं. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता.

मजकुरात खऱ्याचा अंश आहे तो जुन्या खात्यांपुरता. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल, तर जुन्या यूएएनच्या दुरुस्तीला अजूनही कंपनीकडे जावं लागू शकतं. कंपनी बंद पडली असेल आणि आधार जोडलेला नसेल, तर कागदी अर्जावर तुमचं खातं असलेल्या बँकेचे मॅनेजर, पोस्टमास्तर किंवा सरपंच यांचं साक्षांकन चालतं. मोठ्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर दावा ट्रस्टकडे जातो.

पगारातून कापलेली रक्कम पीएफच्या पासबुकात दिसतच नसेल तर मात्र तो गुन्हा आहे. पीएफ कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करा, पगाराच्या स्लिपा जोडा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं. ठिकाण आधी विचारून घ्या. आणि एजंटला ओटीपी देऊ नका, दावा दाखल करायला एक पैसाही लागत नाही.