पाचला आलेल्याला पूर्ण हजेरी

डिसेंबर लागला की मार्केट यार्डातले मित्र हमखास विचारतात, "तुमच्या धर्मात नेमकं सांगितलंय तरी काय?" केक, चांदणी आणि एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा, एवढ्यावर बहुतेकांचा ख्रिस्ती धर्म संपतो. (दुसऱ्या गालाचं कोल्हापुरात कुणालाच पटत नाही, ते सोडा.) मी त्यांना बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातली, विसाव्या अध्यायातली येशूची द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो.

मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी बोलून घेतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दर वेळी आणखी माणसं आणतो. संध्याकाळी पाचला गेला तर काहीजण अजून उभेच. "दिवसभर रिकामे का उभे राहिलात?" "आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही." त्यांनाही नेतो. गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, असं मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे बायबलमधला जुना यहुदी कायदा, सांगतं. म्हणून सांज झाली की मुकादमाला हुकूम होतो, शेवटी आलेल्यांपासून वाटायला लाग. तासभर राबलेल्याच्या हातात अख्ख्या दिवसाची मजुरी पडते. पहाटेपासूनचे मनात मांडे खातात, पण त्यांनाही तेवढीच. मग कुरकुर.

गुळाच्या अडत्यांना ही गोष्ट अजिबात आवडत नाही. "असला मालक असेल तर उद्या सगळेच पाचला उगवतील की!" हिशेबानं खरंय. आमच्याकडं अर्ध्या दिवसाला अर्धी हजेरी, म्हणजे मजुरी, आणि खाडा झाला तर तीही नाही. पण मालकानं पहाटेच्या माणसाचा एक पैसा कापलेला नाही, ठरलं तेवढं पूर्ण दिलंय. त्यांची तक्रारही नीट वाचा. आम्हाला कमी मिळालं असं ते म्हणतच नाहीत. तुम्ही यांना आमच्या बरोबरीला बसवलंत, हे त्यांचं दुखणं आहे.

आणि पाचपर्यंत उभं कोण राहतं? कुठल्याही मजूर अड्ड्यावर बघा. तगडी पोरं आधी उचलली जातात. मागं उरतात म्हातारे, आजारातून उठलेले, कडेवर पोर असलेल्या बाया. त्यांच्या चुलीला पीठ मात्र अर्ध्या हजेरीएवढं लागत नाही, पूर्णच लागतं. मालकानं हिशेब चुलीकडून केला. माझ्या मते ख्रिस्ताच्या शिकवणीचं मर्म इथं आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, याला कृपा म्हणतात. तो शब्द प्रार्थनेत गोड वाटतो, शेजाऱ्याला मिळाली की लगेच कडू होतो.

कोल्हापूरकराला तर हे समजायला जड जाऊच नये. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा उठलेली ओरड जवळपास हीच होती. महाराजांनी हे बायबलमधून घेतलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचं काही कारणही नाही. पण ज्यांना कुणी कामाला लावलंच नाही त्यांना आळशी म्हणायचं नाही, एवढं दोन्हीकडं सारखं आहे.

आता आमच्याच लोकांविषयी. १८५२ ला अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले, तेव्हापासून ही शिकवण इथं कानावर पडतेय. तरी लग्नाची बोलणी निघाली की "मूळचे कोण?" हा प्रश्न अजून येतो, आडून येतो पण येतो. चार पिढ्यांचे ख्रिस्ती कालपरवा आलेल्याला मागच्या बाकावर बसवतात. पहाटे आलेले ते हेच.

तीच गत भाऊबंदकीची. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पुन्हा वाचा: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध. माझं त्याच्याबद्दल काय म्हणणं आहे, हे इथं कुणी विचारलेलंच नाही. आम्ही नेमकं उलटं वाचतो, "मी त्याला केव्हाच माफ केलंय" म्हणतो आणि रेटलेला बांध तसाच ठेवतो. फूटभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ कोर्टात समोरासमोर, आणि रविवारी एकाच उपासनेत दोन टोकांच्या बाकांवर. "आम्ही माफ करतो तसं आम्हालाही माफ कर" म्हणणारी प्रभूची प्रार्थना दोघांची तोंडपाठ.

उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी वेदीपुढं तांदळाची पोती, नारळ, भाजी, गुळाच्या ढेपा यांची रास लागते आणि उपासना संपली की लिलाव होतो. मला तो दिवस फार आवडतो. पण पाळकसाहेबांनी त्या दिवशी हेच समेटाचं वचन, मत्तय पाच, तेवीस-चोवीस, वाचावं आणि वाचून झाल्यावर दार उघडं ठेवून दहा मिनिटं थांबावं, असं माझं मत आहे. ज्याला जायचं त्यानं पोतं तिथंच ठेवून बांधावर जाऊन यावं. लिलाव दुपारी चारला सुरू झाला तरी चालेल. जेवणाचं कमिटीनं बघावं.