इंजिनाचं नाक दाबण्याची सोपी रीत

उद्या तुमच्या हाती अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे नावापुरत्या दुकानातल्या गाड्यांच्या शर्यतींचा, कारभार आला, तर अजिबात गांगरू नका. काय करायचं ते मी सांगतो. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या बाकावर साडेतीन तास बूड भाजून हे ज्ञान मिळवलंय, तुम्हाला फुकट देतोय.

झालं असं, की अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अटलांटाला आलेत. साताऱ्याकडचे, बैलगाडी शर्यतींच्या धुरळ्यात वाढलेले. म्हटलं, यांना इथली शर्यत दाखवू. पहाटे धपाटे बांधून निघालो. कुठल्या ट्रॅकवर गेलो ते सांगत नाही, उगाच वाद नको. पहिले दहा फेरे अण्णा कानात बोळे घालून खूश होते. मग गाड्या दोन रांगा लावून, एकमेकींच्या शेपटीला चिकटून निवांत फिरायला लागल्या. मी सांगितलं, "अण्णा, पेट्रोल वाचवतायत."

"शर्यतीत?"

थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे आपले वडापवाले उतारावर न्यूट्रल करतात, तसं का रे?"

काय सांगणार? ओव्हरटेक होतच नाही, म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, टाकी भरायला दोन सेकंद कमी लागावेत, त्यासाठी अर्ध्या पायानं गाडी चालवायची, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

तर, पहिली पायरी. ट्रॅक असा बांधा की ब्रेकला पाय लावायची गरजच पडू नये. टॅलाडेगाच्या ट्रॅकला वळणावर ३३ अंशांचा उतार दिलाय, डेटोनाच्या ट्रॅकला ३१. मग गाड्या फार पळतात म्हणून कपाळाला हात लावा.

दुसरी पायरी म्हणजे प्लेट. एप्रिल १९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल इलियट या ड्रायव्हरनं ताशी २१२.८०९ मैलांचा फेरा मारला. पात्रता फेरीतला हा विक्रम आजही मोडलेला नाही, मोडायची सोयच ठेवली नाही म्हणा. त्याच आठवड्यातल्या शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत गेली आणि प्रेक्षकांपुढचं जाळीचं कुंपण फाडून परत आली. लोक जखमी झाले. आता काहीतरी करणं भाग होतं, हे मलाही मान्य. तेव्हा या शर्यती भरवणाऱ्या नासकार संस्थेनं १९८८ पासून या दोन ट्रॅकवर कार्बोरेटरखाली चार भोकांची एक पातळ प्लेट सक्तीची केली. भोकं लहान, हवा कमी, हवा कमी म्हणून पेट्रोल कमी. साडेसातशे घोड्यांचं इंजिन साडेचारशेच्या आसपास आलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, इथे मात्र नाक दाबलं आणि वर शर्यतही जिंकून दाखव म्हणून सांगितलं.

डेटोनाला या प्लेटची पहिली मोठी शर्यत झाली. जिंकली कोणी? ज्याच्या गाडीमुळे प्लेट आली त्या बॉबी ॲलिसननंच, आणि दुसरा आला त्याचा मुलगा डेव्ही. त्याच शर्यतीत रिचर्ड पेटीची गाडी कुंपणाला घासत कोलांट्या खात गेली, तुकडे तुकडे झाले. माणूस वाचला हे नशीब. म्हणजे कुंपणावर गाडी चढू नये म्हणून प्लेट आणली, आणि पहिल्याच दिवशी कुंपणावर गाडी! शहाण्यानं इथे थांबून विचार केला असता. तुम्ही थांबू नका. २००९ मध्ये टॅलाडेगाला कार्ल एडवर्ड्सची गाडी जाळीत गेली, २०१३ मध्ये डेटोनाला काइल लार्सनच्या गाडीचं इंजिनच जाळीतून आत आलं, दोन डझनांहून जास्त प्रेक्षक जखमी झाले. प्लेट दोन्ही वेळा जागेवर होती, नियमात बसणारी, तपासून घेतलेली.

कारण प्लेट वेग कमी करते, पण गाड्यांना एकत्र कोंबते. सगळ्यांचे घोडे सारखे, आणि पेट्रोल वाचवणं संपलं की सगळ्यांचा पाय तळाला. पुढची गाडी हवा फोडते, मागची तिच्या आडोशाला पळते. रांग सोडली की मागे पडलीच, म्हणून रांग कुणी सोडत नाही. ताशी १९० मैल वेगात, हातभर अंतरावर, तीन-तीनच्या ओळीत. समोर कुणी घसरला तर निसटून जावं म्हणाल, तर पाय दाबूनही इंजिनातून काही येत नाही. एकाचं चुकतं आणि वीस जण जातात. याला इथे लाडानं 'द बिग वन' म्हणतात. लाडानं!

तिसरी पायरी: याला 'स्टॉक कार' म्हणत राहा. दुकानात असली गाडी मिळते का, हे विचारणाऱ्याला पास देऊ नका.

चौथी: टीका वाढली की नाव बदला. २०१९ मध्ये प्लेट गेली आणि तिच्या जागी हवा रोखणारा दुसरा तुकडा, टेपर्ड स्पेसर, आला. भोकं राहिली.

पाचवी: दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला. २००० साली न्यू हॅम्पशायरच्या लाउडनच्या ट्रॅकवर मे महिन्यात ॲडम पेटी हा ड्रायव्हर गेला. एकोणीस वर्षांचा, वर उल्लेख आलेल्या रिचर्डचा नातू. जुलैत तिथेच केनी अर्विन गेला. दोन्ही वेळा थ्रॉटल, म्हणजे वेगाची झडप, उघडी अडकल्याचा संशय. मग सप्टेंबरात तिथे काय लावलं? प्लेट. त्या शर्यतीत जेफ बर्टननं तीनशेच्या तीनशे फेऱ्यांत आघाडी सोडली नाही. तिथला प्लेटचा प्रयोग तिथेच आटोपला.

नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत गेला, तेव्हा प्लेट होतीच की! त्यानंतर डोकं-मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का शोषणारे कठडे आले, आणि तेव्हापासून नासकारच्या सर्वांत वरच्या कप मालिकेत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. माणसं पट्ट्यानं वाचली, कठड्यानं वाचली, मग श्रेय चार भोकांना का देता? वेग खरंच कमी करायचाय ना? मग वळणावर करा. उतार उतरवा, हवेनं गाडी दाबून धरणारे पत्रे छाटा, पोरांना ब्रेक मारायला लावा. खर्च येतो? येऊ द्या. पण नाही करणार. घोळका टीव्हीवर छान दिसतो, आणि तुम्हाला तोच विकायचाय. सुरक्षिततेचं नाव कशाला घेता मग?

आणि आम्ही तरी कुठले सोवळे? शेवटच्या दोन फेऱ्यांत गाड्या एकमेकींवर चढल्या, धूर झाला, आणि दिवसभर फोनमध्ये डोकं घातलेलं अख्खं स्टँड उभं राहून ओरडलं. मीही ओरडलो. अण्णा बसूनच होते. "पोरं आत आहेत ना रे त्यात?" एवढंच विचारलं. मी खाली बसलो.

परतताना हायवेवर सत्तरच्या पाटीखालून सगळे ऐंशीनं सुटले होते. एक पिकअप उजवीकडून घुसून पुढे गेला. अण्णा धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले, "हा बघ, हा गेला पुढं."