ऑक्टाव्हो म्हणजे आठ इंच नव्हे

जुन्या युरोपीय पुस्तकांच्या आकारांचा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. ऑक्टाव्हो म्हणजे आठ इंच उंचीचं पुस्तक, ड्युओडेसिमो म्हणजे बारा सेंटिमीटरचं, असं त्यात लिहिलंय. कागद अर्धा-अर्धा दुमडत गेलं की हे सगळे आकार मिळतात, असंही आहे. शेवटी, गरिबांना परवडावं म्हणून व्हेनिसच्या आल्डस मनुटियसने १५०१ साली खिशात मावणारं पुस्तक शोधून काढलं, अशी गोष्ट जोडली आहे. पुस्तकांवर प्रेम करणारी माणसंच हा तक्ता पुढे पाठवतायत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी नावांतला आकडा, म्हणजे ‘ऑक्टाव्हो’तला आठ आणि ‘ड्युओडेसिमो’तला बारा. तो लांबी सांगत नाही. छापखान्यातल्या एका पूर्ण तावातून किती पानं निघाली, एवढंच सांगतो. ताव एकदा दुमडला की दोन पानं, तो फोलिओ. दोनदा दुमडला की चार, क्वार्टो. तीनदा दुमडला की आठ, ऑक्टाव्हो. मराठीत घोळ होतो तो ‘पान’ या शब्दामुळे, कारण दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या अख्ख्या पानालाही आपण पान म्हणतो आणि त्याच्या एका बाजूला, म्हणजे पृष्ठालाही. ऑक्टाव्होच्या एका तावाची पानं आठ, पण पृष्ठं सोळा. आपल्याकडे छपाईत एका तावाच्या घडीला फर्मा म्हणतात; सोळा पृष्ठांचा फर्मा म्हणजे नेमका हाच हिशेब. नावांपुढचं ‘८व्हो’, ‘१२मो’ हेही कोडं नाही. आपण ‘बारावी’ला ‘१२वी’ लिहितो, तसंच लॅटिन क्रमवाचकाचं ते शेपूट आहे.

मग उंची कशावर ठरते? मूळ ताव केवढा होता त्यावर. इटलीतल्या बोलोन्या शहरात चौदाव्या शतकातली एक शिळा आहे, तिच्यावर कागदाची चार ठरलेली मापं कोरली आहेत. त्यातला ‘रेआले’ ताव सुमारे ६१.५ बाय ४४.५ सेंटिमीटर, आणि सर्वांत लहान ‘रेचुते’ सुमारे ४५ बाय ३१.५. आता रेआले दोनदा दुमडा. हाती येतो साधारण ३१ बाय २२ सेंटिमीटरचा क्वार्टो. रेचुते एकदाच दुमडा, तर फोलिओ येतो ३१.५ बाय २२.५ चा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर फरक बोटाच्या पेरापेक्षाही कमी, आणि नावं मात्र वेगळी. तक्त्यात या दोघांना दोन वेगळ्या रांगांत बसवलंय. मराठी प्रकाशकाला हे समजावून सांगावं लागत नाही. डेमी आणि क्राउन ही तावांची मापं; डेमी १/८ आणि क्राउन १/८ दोन्ही ‘वन-एट’च, म्हणजे तावाचा आठवा भाग, पण डेमीचं पुस्तक मोठं असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण ताव वेगळा.

अर्धा-अर्धा दुमडण्याचं म्हणाल, तर त्याने २, ४, ८, १६, ३२ मिळतील. बारा कसे मिळणार? ड्युओडेसिमोची सगळी गंमत इथेच आहे, आणि तक्त्याने नेमकी तीच गाळली आहे. एक ए-फोर कागद आडवा घ्या. लांब बाजूचे तीन सारखे भाग करा आणि एक पट्टी कापून बाजूला ठेवा. उरलेला मोठा तुकडा ऑक्टाव्होसारखा तीनदा दुमडा, आठ पानं झाली. पट्टी दोनदा दुमडा, चार पानं झाली. आता ती चार पानं आठांच्या पोटात सरकवा. सुमारे १० बाय सव्वापाच सेंटिमीटरची, चोवीस पृष्ठांची चिमुकली वही तयार! जुने कारागीर नेहमीच्या बाराच्या घडीत हेच करत. छापताना त्या पट्टीवरची पृष्ठं कुठे जुळवायची, हे आधीच डोक्यात पक्कं असावं लागे. एवढं कसब केवळ ‘१२’ या आकड्यामागे दडलेलं आहे.

आल्डसबद्दल. १५०१ साली त्याने छापलेलं रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक मोठाच टप्पा होता. तिरप्या इटालिक अक्षरात, भाष्याच्या टिपांविना, हातात मावेल असा अभिजात ग्रंथ छापायची कल्पना जोरदार होती. पण छोटी प्रार्थनापुस्तकं त्याआधीही छापली जात होती. शिवाय १५१४ साली व्हेनिसचा विद्वान पिएत्रो बेम्बो याला लिहिलेल्या अर्पणपत्रात आल्डसने स्वतःच कबूल केलंय, की हा लहान आकार त्याला बेम्बोच्या वडिलांच्या ग्रंथसंग्रहावरून सुचला. म्हणजे हस्तलिखितांवरून! शोध लावला असं तो स्वतःही म्हणत नाही.

गरिबांसाठी? इटलीतल्या मांतुआची मार्केझा (तिथल्या सत्ताधीशाची पत्नी) इझाबेला द’एस्ते हिने १५०५ साली आल्डसकडून त्याच्या छोट्या पुस्तकांच्या चर्मपत्रावर छापलेल्या प्रती मागवल्या, आणि किंमत दुप्पट लावलीय असं सांगून परत पाठवल्या. चर्मपत्र महाग असतंच, हे खरं. पण ही पुस्तकं कोणाच्या हातात जात होती, ते यावरून दिसतं. लहान म्हणजे स्वस्त, हे समीकरण बऱ्याच नंतरचं.

आणि आकार ओळखायचाच असेल, तर फूटपट्टी बाजूला ठेवा आणि हातकागदाचं पान उजेडासमोर धरा. कागद बनवायच्या साच्यातल्या तारांच्या, बोटभर अंतरावरच्या रेघा दिसतील. फोलिओत आणि ऑक्टाव्होत त्या सहसा उभ्या असतात, क्वार्टोत आणि नेहमीच्या ड्युओडेसिमोत आडव्या. फोलिओत जलचिन्ह, म्हणजे उजेडात दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण, पानाच्या मधोमध येतं. क्वार्टोत ते शिवणीच्या घडीत अर्धं गडप होतं. ऑक्टाव्होत ते वरच्या कडेला, शिवणीलगत तुकड्यांत सापडतं.