तीन सोमवार ओळीनं शंभर

गेले काही आठवडे एक मजकूर फिरतोय. मला तो ऑफिसच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि परवा सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. थोडक्यात तो असा: प्रोजेक्ट मॅनेजर आणि को-ऑर्डिनेटर दिवसभर करतात काय, तर जिरातली (जिरा म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) माहिती एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधली मेलमध्ये. आता प्रत्येक टूलला एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला त्यातली माहिती थेट मागता येते. एका रविवारी पायथनची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहा, त्यात टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) टाका, क्रॉनवर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सोय) लावा आणि विसरून जा. माणसं खोटं बोलतात, एपीआय बोलत नाही. रोज सकाळी रिमाइंडर गेला की टीम आपोआप सरळ होते. हे काम शिकण्यात वर्षं घालवू नका.

मी उत्तर देणार नव्हते. पण आमच्या कोपरीतल्या बिल्डिंगमधली एक मुलगी यंदाच ऐरोलीच्या एका कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर म्हणून लागली. ठाण्याच्या दहा नंबरवरून आम्ही बऱ्याचदा एकच गाडी पकडतो. मंगळवारी तिनं फोनवर तो मजकूर दाखवला आणि विचारलं, "ताई, खरं सांग, दुसरं काहीतरी शिकायला घेऊ का?" ऐरोली येईपर्यंत मला धड काही सांगता आलं नाही आणि ती उतरून गेली. मी घणसोलीला उतरते, पुढे महापेपर्यंत रिक्षा. त्या रिक्षात बसल्यापासून हे डोक्यात घोळतंय.

मी आधी सहा वर्षं टेस्टिंग केलं, नंतर आठ वर्षं हेच काम. स्क्रिप्ट मी स्वतः लिहिते आणि रोज चालवते. तेव्हा मजकुरातलं पहिलं वाक्य मला मान्यच आहे. शुक्रवारी जेवण झालं की मी कामांचा बोर्ड उघडून बसायचे, एकेक तिकीट (एकेका कामाची नोंद) बघून एक्सेलमध्ये ओळ भरायचे, रंग द्यायचे, मग तेच सगळं क्लायंटच्या नमुन्यात पुन्हा. साडेपाच वाजायचे. त्या कामात डोकं लागत नाही, फक्त डोळे दुखतात, आणि चाळिसावी ओळ भरताना चूक होतेच होते. आज ते दीड मिनिटात होतं. कुणी अजून हातानं करत असेल तर थांबवावं, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. माझा वाद पुढच्या प्रत्येक वाक्याशी आहे.

"एपीआय खोटं बोलत नाही." यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण याच वाक्यावर विसंबून मी स्वतः क्लायंटला चुकीचं कळवलं होतं.

माझी पहिली स्क्रिप्ट गिटहबवरच्या (तिथे आमचा कोड असतो) उघड्या इश्यूंची, म्हणजे न मिटलेल्या चुका-कामांची, संख्या काढून सोमवारी सकाळी टीमच्या चॅनेलवर टाकायची. पहिल्या सोमवारी आकडा आला १००. दुसऱ्या सोमवारी १००. तिसऱ्याही. मीटिंगमध्ये मी तो वाचून दाखवला, मॅनेजरनी मान डोलावली, क्लायंटला "संख्या स्थिर आहे" असा मेलही गेला. तिसऱ्या सोमवारी आमची सगळ्यात अबोल टेस्टर मीटिंग संपल्यावर माझ्या खुर्चीपाशी आली. म्हणाली, "मॅडम, गेल्या आठवड्यात मी एकटीनं अकरा उघडलेत. शंभरच कसे राहतील?"

कारण अगदी साधं होतं. गिटहबचा एपीआय एका वेळी एकच पान देतो. काही सांगितलं नाही तर ३० नोंदी, मागितल्या तर जास्तीत जास्त १००. पुढचं पान आहे की नाही हे उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या जादा माहितीत) लिंक म्हणून येतं. ते बघून पुन्हा मागायचं, पानं संपेपर्यंत. मी १०० मागितल्या, त्यानं १०० दिल्या, आणि मी त्यालाच एकूण धरलं. ना एरर, ना लाल अक्षर. स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक. पानं संपेपर्यंत फिरणारा लूप लावल्यावर आकडा आला २३७, आणि तोही चुकीचाच, कारण गिटहबच्या हिशेबात प्रत्येक पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती) ही इश्यूच असते आणि त्याच यादीत येते. ज्या नोंदींत पुल रिक्वेस्टचा रकाना असतो त्या गाळल्या तेव्हा उरले १६४. शंभर, दोनशे सदतीस, एकशे चौसष्ट. तिन्ही त्याच एपीआयमधून काढलेले. त्यातला खरा कुठला, हे ओळखलं ते रोज त्या इश्यूंमध्ये हात घालणाऱ्या मुलीनं.

ज्यांची टीम जिरावर आहे त्यांनाही हेच लागू. तिकीट बोर्डावर "डन"च्या रकान्यात जातं, पण रिझोल्यूशन (काम कसं मिटलं तो रकाना) रिकामं राहिलं असेल तर "अनरिझॉल्व्ड" शोधलं की ते उघड्यांतच मोजलं जातं. स्टोरी पॉइंटचा (काम किती मोठं याच्या अंदाजाचा) रकाना एपीआयमध्ये एका क्रमांकाच्या नावानं येतो, आणि तो क्रमांक एका कंपनीच्या जिरात एक, दुसऱ्याच्या जिरात वेगळा. इंटरनेटवरून उचललेली स्क्रिप्ट तुमच्याकडे भलताच रकाना बेरजेला घेऊ शकते, आणि बेरीज येते, नीट दोन दशांशांपर्यंत येते.

हे सगळं निस्तरलं तरी एक गोष्ट राहतेच. एपीआय देतो ते लोकांनीच लिहिलेलं असतं. आमचा रिपोर्ट शुक्रवारी चारला निघतो हे टीमला कळल्यावर महिन्याभरात पावणेचारला तिकिटं सरकायला लागली. मी मुलांना दोष देत नाही. वरून फक्त रंग बघितला जातोय हे कळलं की कुणीही रंगच सांभाळतो. पण मग "माणसं खोटं बोलतात, एपीआय नाही" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आता रिमाइंडर. हेही मी करून बघितलंय. तीन दिवस तिकीट हललं नाही की स्क्रिप्ट रोज सकाळी दहाला त्या माणसाला सगळ्यांच्या चॅनेलवर टॅग करायची. एका डेव्हलपरचं तिकीट नऊ दिवस "इन प्रोग्रेस" होतं. त्याला सहा वेळा टॅग गेला. नंतर कळलं की चौथ्या टॅगनंतर त्यानं चॅनेलच म्यूट केलं होतं. नवव्या दिवशी मी त्याला म्हटलं, चल चहाला. महापे एमआयडीसीत आमच्या गेटबाहेर टपरी आहे, तिथे.

"काय रे, अडलंय कुठे?"

"मॅडम, स्टेजिंगच्या डेटाबेसचा ॲक्सेसच नाहीये. क्लायंटला दोनदा मेल केलाय."

"मग चॅनेलवर लिहायचं ना."

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ॲक्सेस मागायलाच मी चार दिवस उशीर केला होता. सगळ्यांसमोर कसं लिहू?"

चहा संपायच्या आत कळलं. त्या संध्याकाळी मी क्लायंटकडच्या लीडला फोन केला, दुसऱ्या दिवशी ॲक्सेस आला, आणि तिकीट दोन दिवसांत बंद झालं. स्क्रिप्टला तिकीट थांबलंय एवढं दिसत होतं. का थांबलंय हे ज्याला माहीत होतं त्याचं तोंड आमच्या रोजच्या टॅगनंच बंद केलं होतं. त्याच आठवड्यात मी ती बदलली. आता ती कुणालाही टॅग करत नाही. अडलेल्या तिकिटांची यादी सकाळी फक्त मला पाठवते, आणि मी उठून त्या माणसाच्या टेबलापाशी जाते. शुक्रवारची जी दुपार वाचली ती मी यासाठीच वापरते.

"क्रॉनवर लावा आणि विसरून जा." एपीआय दुसऱ्याच्या घरचा असतो आणि घरमालक बदल करत राहतो. गिटहबनं नोव्हेंबर २०२० मध्ये एपीआयसाठी पासवर्ड चालवणं बंद केलं. जिरा बनवणाऱ्या अटलासियननं डिसेंबर २०२४ पासून जिराच्या नव्या टोकनला जास्तीत जास्त एका वर्षाची मुदत घातली, म्हणजे आज काढलेलं टोकन फार तर पुढच्या वर्षी याच सुमारास मरणार. जिरा क्लाउडच्या (इंटरनेटवरच्या जिराच्या) एपीआयमधला तिकिटं शोधायचा जुना सर्च २०२५ मध्ये बंद करायला घेतला. त्याच्या जागी आलेला नवा सर्च एकूण संख्या सांगतच नाही आणि मागितल्याशिवाय आयडीपलीकडे रकानेही देत नाही. ज्यांची अख्खी स्क्रिप्ट त्या एकूण संख्येवर उभी होती त्यांना ती नव्यानं लिहावी लागली.

बारीकसारीक गोष्टीही सतावतात. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्या साडेपाच तास मागे, त्यामुळे सकाळी दहाचा रिपोर्ट हवा तर क्रॉनमध्ये साडेचार लिहावं लागतं. एपीआयला विनंती पाठवायला वापरतात त्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) आपण दिला नाही तर नसतोच. समोरचा सर्व्हर गप्प बसला की आपली स्क्रिप्टही गप्प बसून राहते. माझी एकदा रात्रभर तशीच बसली होती. पण सगळ्यात जास्त ज्यानं त्रास दिला तो प्रकार वेगळा. एका सहकाऱ्यानं लिहिलेला रिपोर्ट दीड वर्ष छान चालला. तो कंपनी सोडून गेला, महिन्याभरानं त्याचं खातं बंद झालं, आणि त्या खात्याच्या टोकनवर चालणारा रिपोर्ट त्या दिवसापासून थांबला. आम्हाला पत्ता नाही. क्लायंटनं विचारलं, "या आठवड्याचा आला नाही?" तेव्हा शोधाशोध. कोड कुठे आहे हेसुद्धा टीममध्ये कुणाला माहीत नव्हतं.

आता आमच्याकडे प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दोन नावं असतात: सांभाळणारा कोण, आणि तो रजेवर असेल तर कोण. स्क्रिप्ट फसली की मेल येतोच, पण नीट चालली तरी "झालं" एवढा एक शब्द मला येतो. तो शब्द आला नाही की मी बघते. चालू असल्याची खूण नसेल तर बंद पडल्याचं कळत नाही.

"टोकन टाका." हे दोन शब्द वाचून मला खरंच राग आला, कारण नवी मुलं हे शब्दशः करतात. टोकन म्हणजे तुम्हीच. जिराचं नुसतं काढलेलं टोकन तुम्हाला जे जे करता येतं ते सगळं करू शकतं, आणि स्क्रिप्टनं टाकलेली कॉमेंट तुमच्या नावानं दिसते. कोडमध्ये लिहून गिटला (कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साधनाला) चढवलं की नंतर ती ओळ पुसूनही उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी जपलेल्या बदलात) ते राहतंच. तसं झालं तर आधी ते टोकन रद्द करायचं, बाकीचं नंतर. आणि टोकन कोडमध्ये नाहीच लिहायचं. ते एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, मशीनवरच्या सेटिंगमध्ये) किंवा सीक्रेटच्या खणात ठेवायचं, आणि जेवढं लागतं तेवढ्याच परवानगीचं काढायचं.

"एका रविवारी" हे अर्धं बरोबर. माझी पहिली स्क्रिप्टही एका दुपारीच झाली, तीच शंभरवाली. तिच्यावर भरवसा ठेवता यावा इथपर्यंत यायला पुढचे चार महिने लागले, अधूनमधून, काम सांभाळून. त्यात पानं आली, मर्यादा आल्या. गिटहब टोकनशिवाय तासाला ६० विनंत्या घेतो, टोकन असेल तर ५०००. त्या ओलांडल्या की ४०३ किंवा ४२९ हा नकाराचा कोड येतो, आणि किती वेळ थांबायचं हे उत्तरातच दिलेलं असेल तर तेवढं थांबायचं, पुन्हा पुन्हा दार ठोठावत बसायचं नाही. हे कोडिंग अवघड नाही. टेस्टिंगमधून आलेल्या मला जमलं तर कुणालाही जमेल. अवघड आहे ते आलेल्या आकड्याकडे बघून "हा असा कसा?" हे सुचणं, आणि ते सुचण्यासाठी प्रोजेक्ट माहीत असावा लागतो.

म्हणून बिल्डिंगमधल्या त्या मुलीला माझं उत्तर असं. दुसरं काही शिकू नकोस, हेच शीक, आणि स्क्रिप्टही शीक. ज्यांना प्रोजेक्ट कळतो पण एपीआय कळत नाही ते शुक्रवारची दुपार एक्सेलमध्ये घालवतात. ज्यांना एपीआय कळतो पण प्रोजेक्ट कळत नाही ते तीन सोमवार शंभर वाचून दाखवतात. मी दोन्ही केलंय. तुला दोन्ही चुका नव्यानं करायची गरज नाही.

या रविवारी लॅपटॉप घेऊन वर ये. आधी फक्त वाचायच्या परवानगीचं टोकन काढू. तुझ्या बोर्डावरची उघडी तिकिटं तू हातानं मोज आणि वहीत लिहून ठेव. मग स्क्रिप्ट चालवू. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते शोधत बसू, लागेल तेवढा वेळ.