शून्य शब्दांचा लेख

सकाळी साडेसातला मास्तरांचा फोन. "अरे, मी पुन्हा शून्य झालो."

त्यातला 'पुन्हा' मला चांगलाच झोंबला. आमच्या ग्रुपच्या वर्डप्रेस साइटवर वाचकांना आपले लेख स्वतः पाठवता यावेत म्हणून मी एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम, टाकलं होतं. एकोळी सुविचारांना वैतागून किमान 100 शब्दांची अटही मीच घातली. एवढंच माझं पाप.

मास्तरांचा पहिला फोन दोन आठवड्यांपूर्वीचा.

"तुझा फॉर्म म्हणतो, किमान 100 शब्द हवेत, तुमचे शब्द 0."

"लेख नीट पेस्ट झाला नसेल, सर."

"समोर दिसतोय. 612 शब्द आहेत. पेन्सिलीने टिंबं देत मोजलेत."

"एकदा रिफ्रेश करून बघा ना."

"केलं. लेख गेला. परत टाकला. परत शून्य." मग जरा थांबून, "आयुष्यभर मराठी शिकवलं रे. लेखात दम नाही म्हणाला असता, तर ऐकून घेतलं असतं. पण शब्दच नाहीत?"

"त्याला मराठी कळत नाही, सर."

"मग कळत नाही म्हणावं की! शून्य कशाला? मला जपानी येत नाही, म्हणून जपानी पुस्तक कोरं आहे असं मी म्हणतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लगइनवाल्यांकडेही नव्हतं. त्यांना मेल केली तर ठरलेली तीन औषधं आली: कॅशे साफ करा, बाकीची प्लगइन बंद करा, थीम बदला. घरात पाणी येत नाही म्हटल्यावर पडदे बदलायला सांगावं, तसं.

शेवटी मीच कोड उघडला. शब्द मोजायला पीएचपीचं, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकी भाषेत लिहिलंय तिचं, एक जुनं फंक्शन होतं, ज्याला रोमन अक्षरं दिसली तरच शब्द दिसतो. आणि शीर्षकाची लांबी मोजणारं दुसरं फंक्शन अक्षरं नव्हे, बाइट, म्हणजे संगणकात ती किती जागा घेतात ते, मोजत होतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. 'नमस्कार'मध्ये चिन्हं 7, हिशेब 21! म्हणजे शब्द मोजताना आम्ही नाहीच, आणि जागा अडवताना मात्र तिप्पट. बरं, दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे फंक्शनच्या नावाआधी 'एमबी' आणि एक अंडरस्कोर. तीन चिन्हं! तीही रोमनच, त्यांच्याच कीबोर्डवरची. तेवढी टाइप करायला कुणाला सवड झाली नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

शहाणा माणूस अशा वेळी हुक, म्हणजे मूळ फाइलला हात न लावता आपला कोड अडकवायची खुंटी, शोधतो आणि आपला कोड वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये ठेवतो. मीही शोधला. लेखकाने थँक्यूच्या संदेशाचा रंग बदलायला हुक दिला होता, मोजणीला नाही. मग मी सरळ त्याच्याच फाइलमध्ये हात घातला. एक सेमीकोलन राहिला आणि अख्खी साइट 'गंभीर त्रुटी' म्हणत आडवी झाली. तो सापडेपर्यंत रात्रीचे दोन. पण मास्तरांचे 612 शब्द 612 भरले! पुढचे अकरा दिवस मी मराठीचा तारणहार होतो.

काल रात्री प्लगइन आपोआप अपडेट झालं आणि माझी फाइल पुसून त्यांची कोरी करकरीत फाइल बसली. ऑटो-अपडेटची खूण केली होती मीच. सुरक्षेसाठी.

"सर, संध्याकाळपर्यंत बघतो."

"नको, लेख गेलासुद्धा," मास्तर म्हणाले.

डॅशबोर्ड उघडला. लेख 'प्रलंबित'मध्ये होता. शीर्षक, त्याखाली रोमन लिपीत ओळीने ओके ओके ओके ओके, आणि मग 'श्रावणातली एक दुपार'.

मी मोजले. "सर, हे 103 आहेत."

"तीन जास्तीचे घातले. तुझ्या फॉर्मचा भरवसा नाही."