ते रानमांजर उठलंच नाही

सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. भर उन्हात एक रानमांजर पायवाटेच्या मधोमध बसलंय, मान डुगडुगतेय, लोक जवळ जाऊन शूटिंग करतायत. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. एकाने लिहिलं, ‘निसर्गाचा नियम आहे, दुबळं मरणारच.’ तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले.

असंच एक रानमांजर मी दहा हातांवरून पाहिलंय. तोंडाला लूत लागलेली. कातडी जाड होऊन राखाडी खपल्या धरलेल्या, त्यात डोळे अर्धे मिटलेले. कानात गोचिडी, एरंडाच्या बियांसारख्या टम्म. एरवी चाहूल लागताच नाहीसं होणारं जनावर, पण ते उठलंच नाही. माझा कुत्रा मोकळा होता, तो जाऊन त्याला हुंगून आला. मी घाबरून त्याला ओढला, कारण त्याला काही होईल अशी भीती वाटली. त्याच्यामुळे मांजराला काही होईल हे मनातही आलं नाही. त्या वर्षी कुत्र्याची लस राहून गेली होती.

निसर्गाचा नियम म्हणे! 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानात हजाराच्या आसपास सिंह गेले. दर तीन सिंहांमागे एक. झटके येऊन, तडफडून. रोग कोणता, तर कॅनाइन डिस्टेंपर, विषाणूमुळे होणारा. कॅनाइन म्हणजे कुत्र्याचा, नावातच कुत्रा आहे. त्याआधी दुष्काळ पडलेला, खंगलेल्या रानरेड्यांवर गोचिडी माजलेल्या, आणि ते रेडे खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडींमधून बबेसिया नावाचा परजीवी शिरलेला. एरवी सिंह तो अंगावर काढतो. डिस्टेंपरने प्रतिकारशक्तीच मोडली, मग तोही जिवावर उठला.

2018 मध्ये गीरमध्ये पुन्हा तेच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत 23 सिंह मेले, पुन्हा तोच विषाणू आणि तीच गोचीड. अमेरिकेतून लस मागवायची धावपळ झाली. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं होतं. पाच वर्षं हातात होती हो!

हो, जंत, गोचिडी धडधाकट वाघाच्या अंगातही असतात, मान्य. आणि भोवतालच्या कुत्र्यांना लस देऊनही सेरेंगेटीतला विषाणू पुरता थांबला नाही, कारण तो इतर रानटी प्राण्यांतही फिरतो, तेही मान्य. म्हणून आपल्या दारातला कुत्रा बिनालशीचा सोडायचा?

मांजरवाल्यांनीही हात झटकू नयेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पँथरांना मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू पाळीव मांजरांकडून मिळाला. 2007 मध्ये स्पेनच्या डोन्यानात इबेरियन लिंक्स या रानमांजरांनाही त्यानेच गाठलं, तेही जगात मूठभर उरलेले असताना. रात्रभर बाहेर हुंदडून पहाटे पायाशी येऊन झोपणारं मांजर कुठे कुठे जाऊन आलं, हे आपण कधी विचारतो?

लिहिता लिहिता राग ओसरला. आता नुसतं वाईट वाटतंय. लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरांत लूत लागून मेलेल्या बॉबकॅटच्या, म्हणजे तिथल्या रानमांजराच्या, शरीरात उंदीर मारायचं विष सापडलं होतं. विष खाल्लेले उंदीर खाऊन ते पोटात साठतं, आणि मग लुतीची एवढीशी कीडही जनावराला संपवते. हे वाचलं तेव्हा ते खपल्या धरलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं. त्याने काय खाल्लं होतं, कुणाला माहीत.

ते मांजर दिसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका जाणकाराला घेऊन तिथे गेले होते. मांजर नव्हतं. गवत बसल्या जागी दबलेलं आणि त्यावर चार-दोन खपल्या. त्यांनी त्या कागदात गोळा केल्या. मी नुसती उभी होते.

व्हिडिओ टाकणाऱ्याला मघाशी विचारलंय, ही जागा कुठली आणि वनखात्याला कळवलं का. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.